टपावरील पारदर्शक पत्र्याला तडा जातो तेव्हा

जानेवारी महिन्यातील दिल्लीची एखादी पहाट डोळ्यांपुढे आणावी. धुके दाटलेले असते. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या मोटारीवर दवाचा थर साचलेला असतो. मालक येतो, दार उघडून आत बसतो, दार ओढून घेतो, आणि त्याच क्षणी डोक्यावरच्या पारदर्शक टपातून बारीकसा ‘कट्’ असा आवाज येतो. वर पाहावे तो कोपऱ्यातील स्क्रूच्या भोकापासून निघालेली एक रुपेरी रेषा बोटभर पुढे सरकलेली दिसते. दगड लागलेला नाही, झाडाची फांदी पडलेली नाही, कोणी हातही लावलेला नाही. गॅरेजमधील मिस्त्री एक दृष्टिक्षेप टाकतो आणि निकाल देतो : थंडीने तडकला.

मिस्त्रीचे म्हणणे खोटे नव्हे. पण ते अर्धेच खरे आहे. तडा जानेवारीत दिसला, त्याची तयारी मात्र आदल्या मे महिन्यापासून चालली होती. ती कशी, हे समजल्यावाचून पत्रा दुरुस्त करावा की बदलावा, या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही. शिवाय न समजता बदललेला नवा पत्राही दोन-तीन हिवाळ्यांत त्याच जागी तडकतो.

हा पत्रा कशाचा?

प्रथम वस्तू ओळखावी. आजच्या बहुतेक मोटारींच्या टपावर जे पारदर्शक तावदान असते ते काचेचे असते. भारतात वाहनांसाठी वापरल्या जाणाऱ्या सुरक्षा काचेचे मानक आय. एस. २५५३, भाग दुसरा, हे आहे. अशा काचेच्या कोपऱ्यात प्रमाणाची खूण उमटविलेली असते. अशी काच फुटली तर ती जोडण्याच्या भरीस पडू नये. ती बदलावीच लागते. काही जुन्या मोटारी, खेळाच्या गाड्यांचे काढते-घालते टप आणि फिरत्या घरांसारख्या वाहनांवरील झडपा यांत मात्र ॲक्रिलिक नावाचे प्लॅस्टिक वापरलेले आढळते.

दोहोंतील भेद हाताला लगेच कळतो. बोटाने टिचकी मारली तर काच खणखणते, ॲक्रिलिकचा आवाज बसका येतो. सावलीत ठेवलेल्या काचेला हात लावला तर ती गार लागते, ॲक्रिलिक तितके गार लागत नाही; कारण ते हाताची उष्णता काचेपेक्षा सावकाश वाहून नेते. वजनात तर फरक फारच मोठा आहे. काचेची घनता पाण्याच्या सुमारे अडीचपट, तर ॲक्रिलिकची सुमारे १.१९ पट. म्हणजे एकाच आकारमानाचा ॲक्रिलिकचा ताव काचेच्या तावाच्या निम्म्याहूनही कमी भरतो. असे असूनही त्यातून सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार जातो. हलकेपणा आणि पारदर्शकता या दोन गुणांमुळेच मोटारीच्या टपासाठी त्याची निवड झाली.

विमानापासून मोटारीपर्यंत

ॲक्रिलिकचे शास्त्रीय नाव पॉलिमिथिल मेथॅक्रिलेट असे आहे. मिथिल मेथॅक्रिलेट या द्रवाचे असंख्य रेणू साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांना जोडले गेले म्हणजे हा घन पदार्थ तयार होतो. अशा पदार्थाला बहुवारिक म्हणतात. काचेच्या दोन तावांमधल्या फटीत हा द्रव ओतून त्याचे बहुवारिकीकरण केले की स्वच्छ, गुळगुळीत ताव हाती येतो. जर्मनीतील रोम आणि हास या कंपनीने १९३३ साली त्याला ‘प्लेक्सिग्लास’ हे व्यापारी नाव दिले. इंग्लंडमध्ये त्याच सुमारास इम्पीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीने तोच पदार्थ ‘पर्स्पेक्स’ या नावाने बाजारात आणला.

दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिककक्षावरील पारदर्शक झाकणे याच पदार्थाची केली जात. पालम येथील भारतीय वायुसेना संग्रहालयात त्या काळची हरिकेन आणि स्पिटफायर ही विमाने जतन केलेली आहेत. या झाकणांशी एक विलक्षण कथा निगडित आहे. लढाईत झाकण फुटून त्याच्या कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. हॅरल्ड रिडली या इंग्रज नेत्रशल्यविशारदाच्या ध्यानात आले, की ॲक्रिलिकची कपची डोळ्यात राहिली तरी डोळा तिच्यावर सहसा उसळून येत नाही. ती निमूटपणे तेथे पडून राहते. या निरीक्षणावरून त्यांनी ॲक्रिलिकचे कृत्रिम नेत्रभिंग तयार करविले, आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मोतीबिंदूच्या रुग्णावर त्याच्या रोपणाची पहिली शस्त्रक्रिया केली. भारतात मदुराई येथील ऑरोलॅब या संस्थेने १९९२ पासून अशी भिंगे स्वस्तात बनविण्यास आरंभ केला आणि सामान्य माणसाला ती परवडू लागली. मोटारीच्या टपावर तडकणारा पत्रा आणि असंख्य वृद्धांना पुन्हा अक्षर दाखविणारे भिंग ही एकाच कुळातली भावंडे आहेत.

मोटारीच्या टपावर ॲक्रिलिक आले ते युद्धानंतर. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९५४ साली ‘स्कायलायनर’ नावाची गाडी काढली. तिच्या पुढील आसनांवरच्या टपात हिरवट छटेचा ॲक्रिलिक पत्रा बसविलेला होता. त्याच वर्षी ‘मर्क्युरी सन व्हॅली’ ही तशीच गाडी निघाली. आतून आकाश दिसे हे खरे. पण ऊनही आत येई, आणि बसणाऱ्यांचे चेहरे हिरवट दिसत. ही फॅशन फार काळ टिकली नाही. पुढे १९८४ च्या सुमारास शेव्हरोले कंपनीच्या ‘कॉर्व्हेट’ या गाडीला काढता-घालता येणारा पारदर्शक टप मिळू लागला, तोही ॲक्रिलिकचाच.

या पदार्थाविषयी एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. पारदर्शक टप म्हणजे अभेद्य कवच नव्हे. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या लिंकन मोटारीसाठी पारदर्शक प्लॅस्टिकचे काढते छत होते. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस शहरात आभाळ निवळले म्हणून ते बसविले नव्हते, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु ते छत गोळी अडविण्यासाठी केलेलेच नव्हते. ते पावसापासून रक्षण करण्यापुरते होते.

दिल्लीचे ऊन आणि साडेतीन मिलिमीटर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. दिल्लीचे हवामान टोकाचे आहे. १० जून २०१९ रोजी पालम येथे ४८ अंश सेल्सिअस इतके तपमान नोंदले गेले. १ जानेवारी २०२१ रोजी सफदरजंग येथे पारा १.१ अंशापर्यंत उतरला. हे झाले सावलीतील हवेचे तपमान. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीचा रंगीत पत्रा याहून पुष्कळ तापतो. साठ-पासष्ट अंश ही त्याला मोठी गोष्ट नाही. म्हणजे वर्षभरात या पत्र्याला सुमारे साठ अंशांचा चढउतार सोसावा लागतो.

पदार्थ तापला की प्रसरण पावतो, हे शाळेतील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण सर्व पदार्थ सारखे प्रसरण पावत नाहीत. एक मीटर लांबीची पोलादी पट्टी एका अंशाने तापविली तर ती सुमारे १२ सहस्रांश मिलिमीटरने वाढते. तेवढ्याच लांबीची ॲक्रिलिकची पट्टी सुमारे ७० सहस्रांश मिलिमीटरने वाढते. साठ अंशांचा हिशेब केला, तर पोलादाची वाढ होते सुमारे पाऊण मिलिमीटर आणि ॲक्रिलिकची वाढ होते ४.२ मिलिमीटर. दोहोंतील तफावत साडेतीन मिलिमीटरांची.

साडेतीन मिलिमीटर म्हणजे गव्हाच्या दाण्याच्या जाडीएवढे अंतर. परंतु पत्रा पोलादी चौकटीला घट्ट आवळलेला असेल, तर हे अंतर कोठेतरी सामावले जाणे भाग आहे. मे महिन्यात पत्र्याला वाढावयाचे असते. स्क्रू त्याला वाढू देत नाहीत. पत्रा दाबला जातो. येथे बहुवारिकाचा एक विशेष गुण पुढे येतो. तापलेल्या अवस्थेत दीर्घकाळ दाबाखाली राहिला, की त्याच्या रेणूंच्या साखळ्या सावकाश एकमेकींवरून सरकतात आणि दाब हळूहळू विरून जातो. पत्र्याला जणू त्या आखूड चौकटीची सवय होते. सबंध उन्हाळा असा गेला, की पत्रा आपली मूळ लांबी विसरलेला असतो.

मग हिवाळा येतो. आता पत्र्याला आक्रसावयाचे असते, आणि तेच स्क्रू त्याला आक्रसू देत नाहीत. उन्हाळ्यात दाब होता. आता ताण निर्माण होतो. गणित केले तर हा ताण दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर किलोग्रॅम इतका भरतो. ॲक्रिलिकचा धडधाकट पत्रा थोड्या वेळापुरता सुमारे सातशे किलोग्रॅमपर्यंतचा ताण सोसू शकतो. तेव्हा शंभरात काय मोठेसे, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु पत्र्यात भोके आहेत, ही गोष्ट या हिशेबात अद्याप धरलेली नाही.

भोक, ओरखडा आणि चीर

ताणलेल्या पत्र्यात गोल भोक असले, तर भोकाच्या काठावरील ताण इतर ठिकाणच्या ताणाच्या तिप्पट होतो. हे किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ साली गणिताने दाखविले. पाण्याच्या प्रवाहात खांब रोवला, की पाणी त्याच्या दोन्ही बाजूंनी दाटीने वाहते, तसेच हे आहे. आपल्या पत्र्यात शंभराचे तीनशे झाले. १९१३ साली इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने लंबवर्तुळाकृती भोकाचे गणित मांडले. भोक ताणाच्या दिशेला आडवे असून त्याची लांबी रुंदीच्या दहापट असेल, तर त्याच्या टोकाशी ताण एकवीसपट होतो. ओरखडा किंवा चीर ही याहूनही अरुंद असते. यास्तव बोथट ड्रिलने पाडलेल्या भोकाच्या काठावर जे दाते राहतात, तेथेच पुढच्या तड्याचे मूळ असते.

चीर एकदा उत्पन्न झाली म्हणजे ती पुढे का सरकते, याचा उलगडा ग्रिफिथ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९२१ साली केला. ताणलेल्या पदार्थात ऊर्जा साठलेली असते. चीर वाढली की त्यांतील काही ऊर्जा मोकळी होते. उलटपक्षी, चिरेमुळे दोन नवे पृष्ठभाग उघडे पडतात आणि ते निर्माण करण्यास ऊर्जा खर्ची पडते. मोकळी होणारी ऊर्जा खर्चाहून अधिक झाली, की चीर आपोआप धावू लागते. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. चीर जितकी लांब, तितका तिला पुढे जाण्यास लागणारा ताण कमी. चीर चौपट लांब झाली, तर निम्मा ताणही तिला पुरतो. म्हणून ‘एवढीशी चीर आहे, राहू द्या’ हे म्हणणे शास्त्राला धरून नाही. आज जी चीर दार आपटल्यावर बोटभर सरकली, ती उद्या रस्त्यातील एका खड्ड्याने वीतभर सरकेल.

पुसणाऱ्याच्या हातून होणारे नुकसान

या कहाणीत आणखी एक भागीदार असतो, आणि तो बहुधा भल्या हेतूने काम करीत असतो. पत्रा स्वच्छ करावा म्हणून कोणी स्पिरिट वापरतो, कोणी थिनर, कोणी पेट्रोल, कोणी काचेसाठी विकला जाणारा अमोनियायुक्त द्रव. काचेला यांपासून अपाय नाही. ताणाखाली असलेल्या ॲक्रिलिकमध्ये मात्र हे द्रव रेणूंच्या साखळ्यांमध्ये शिरतात, त्यांची परस्परांवरील पकड सैल करतात, आणि पृष्ठभागावर केसासारख्या असंख्य बारीक भेगांचे जाळे उमटते. तिरप्या उन्हात पाहिले तर हे जाळे चांदीच्या तारांसारखे चमकते. रबराच्या ऐवजी मऊ पी. व्ही. सी. ची पट्टी कडेला लावली, तर तिच्यातील मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य पत्र्यात झिरपून हाच परिणाम घडवू शकते.

दिल्लीतील धूळही निरुपद्रवी नाही. मे-जूनमधील आंधीबरोबर येणाऱ्या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात आणि ते ॲक्रिलिकहून कितीतरी कठीण असतात. कोरड्या फडक्याने पत्रा पुसणे म्हणजे तो पॉलिश पेपरने घासण्यासारखेच होय. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. मग सौम्य साबणाचे पाणी आणि मऊ सुती कापड वापरावे. याहून अधिक काही लागत नाही.

दुरुस्ती कोठवर शक्य आहे?

तीन प्रकार वेगळे केले म्हणजे निर्णय सोपा होतो.

पहिला प्रकार नुसत्या ओरखड्यांचा किंवा वरवरच्या भेगांचा. नख फिरविले असता ते अडकत नसेल, तर पत्रा वाचविता येतो. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, क्रमाक्रमाने अधिक बारीक घेत, पृष्ठभाग घासावा आणि शेवटी पॉलिशने चमक आणावी. घासताना पाणी कमी पडू देऊ नये. घर्षणाच्या उष्णतेने नवा ताण निर्माण होतो.

दुसरा प्रकार अशा लहान चिरेचा, की जी पत्र्याच्या मधल्या भागात आहे आणि कडेला किंवा स्क्रूच्या भोकाला पोचलेली नाही. येथे पहिले काम चिरेला थांबविण्याचे. तिच्या टोकाशी सुमारे तीन मिलिमीटर व्यासाचे स्वच्छ भोक पाडतात. अणकुचीदार टोक नाहीसे झाले, की शेकडोपटीने वाढलेला ताण तिपटीच्या आसपास येतो. चिरेचे खरे टोक डोळ्याला दिसते त्याच्या किंचित पुढे असते. ते तिरप्या प्रकाशात शोधावे लागते. टोकाच्या अलीकडे पाडलेले भोक निरुपयोगी ठरते.

त्यानंतर जोडकाम. झटपट चिकटणारा डिंक चिरेवर फासून काम भागत नाही. तो वरच्या वर राहतो आणि ठिसूळ असतो. ॲक्रिलिक जोडण्याची रूढ रीत निराळी आहे. डायक्लोरोमिथेनसारखा पातळ विद्रावक चिरेच्या तोंडाशी सोडला, की केशाकर्षणाने तो आत ओढला जातो. दोन्ही काठ किंचित विरघळतात, त्यांतील साखळ्या एकमेकींत गुंततात आणि विद्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. चिरेत धूळ किंवा तेल गेलेले असेल, तर हे घडत नाही. शिवाय ताणाखालील ॲक्रिलिकला विद्रावक घातक, हे वर सांगितलेच आहे. म्हणून पत्रा गाडीवरून उतरविल्यावाचून त्याला विद्रावक लावू नये. जाणते कारागीर पत्रा प्रथम सुमारे ८० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवतात आणि तासाला दहा-पंधरा अंशांहून अधिक वेगाने निवू देत नाहीत. या क्रियेला अनुशीतन म्हणतात. ॲक्रिलिक मऊ पडू लागते ते सुमारे १०५ अंशांना. त्याच्या खाली राहून साखळ्यांना थोडे हलू दिले, की आतला ताण सुटतो आणि पत्र्याचा आकार बिघडत नाही. हे काम कारखान्यातील भट्टीचे आहे, घरातल्या शेगडीचे नव्हे.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. डायक्लोरोमिथेनची वाफ हवेहून जड असते. बंद खोलीत ती साचते आणि माणसाला गुंगी येते. श्वासावाटे शरीरात गेल्यावर तिच्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि तो रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करतो. अमेरिकेच्या पर्यावरणसंरक्षण संस्थेने २०२४ साली या रसायनाच्या बहुतेक उपयोगांवर बंदी घातली. दुकानांच्या पाट्या करणाऱ्या लहान खोल्यांतून, खिडकीही नसलेल्या जागी, हे काम दिवसभर करणारे कारागीर असतात. ग्राहकाने ‘आजच करून द्या’ म्हणून घाई केली, तर तिची किंमत त्यांच्या छातीला मोजावी लागते. उघडी, वाहती हवा ही या कामाची पहिली अट आहे.

तिसरा प्रकार अशा चिरेचा, की जी स्क्रूच्या भोकापासून किंवा कडेपासून निघाली आहे, अथवा जिचे फाटे फुटले आहेत. जानेवारीच्या पहाटे दिसलेली चीर याच वर्गातली. येथे दुरुस्तीचा मोह टाळावा. जोडलेला सांधा मूळ पत्र्याइतका मजबूत होत नाही, आणि ही जागा तर सर्वांत अधिक ताणाची. असा पत्रा बदललाच पाहिजे. नवा येईपर्यंत चिरेच्या टोकाशी भोक पाडून वरून चिकटपट्टी लावता येईल. पण अशा गाडीने महामार्ग गाठू नये.

महामार्गाविषयीची ही सूचना शास्त्रावर आधारलेली आहे. गाडी धावू लागली, की टपावरून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि तेथील दाब उतरतो. आतला दाब पत्र्याला वर ढकलतो. २०१२ साली खुल्या झालेल्या यमुना द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी ताशी १०० किलोमीटर ही वेगमर्यादा ठरविण्यात आली. त्या वेगाला अर्ध्या चौरस मीटरच्या पत्र्यावर येणारी वरची ओढ साधारण बारा ते वीस किलोग्रॅम वजनाएवढी भरते. चिरफळलेला पत्रा या ओढीने निखळला, तर तो आत बसलेल्यांवर पडत नाही. तो मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराच्या अंगावर जातो. गाडीचा मालक आपला धोका पत्करावयास तयार असेल. दुसऱ्याचा धोका पत्करण्याचा अधिकार त्याला नाही.

नवा पत्रा बसविताना

मूळ कंपनीचा सुटा भाग मिळाला, तर प्रश्नच नाही. पण जुन्या गाड्यांच्या बाबतीत हे दुर्मिळच. काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात किंवा मायापुरीच्या भंगारात पुष्कळ काही सापडते. तथापि भंगारातला पारदर्शक टप म्हणजे दुसऱ्याचे तडकू घातलेले दुखणे विकत घेणे होय. दिल्लीत १९६४ पासून ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राच्या पुढाकाराने जुन्या मोटारींची शर्यत-मिरवणूक सुरू झाली, आणि हरियाणातील तावडू येथे २०१३ साली हेरिटेज ट्रान्सपोर्ट म्युझियम उघडले. पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले. जुनी वाहने जपणाऱ्यांची ही परंपरा जसजशी वाढते, तसतसा नवा पत्रा घडवून घेण्याचा प्रसंगही वारंवार येतो.

पत्रा निवडताना ओतीव ॲक्रिलिक मागावे. यंत्रातून दाबून काढलेला पत्रा स्वस्त असतो, पण त्याच्यात विद्रावकाने भेगा लवकर पडतात. काही जण पॉलिकार्बोनेट सुचवितात. ते आघाताला ॲक्रिलिकच्या कितीतरी पट अधिक टिकते, हे खरे. परंतु त्यावर ओरखडे सहज उठतात, संरक्षक लेप नसेल तर उन्हाने ते पिवळे पडते, आणि त्याचे प्रसरणही जवळजवळ ॲक्रिलिकइतकेच आहे. म्हणजे पदार्थ बदलला, तरी साडेतीन मिलिमीटरांचा प्रश्न सुटत नाही.

जुना पत्रा नमुना म्हणून जपून ठेवावा. त्याची जाडी, वळण आणि भोकांच्या जागा त्यावरूनच घेता येतात. वळणदार टप असेल, तर नवा ताव सुमारे १५० ते १७० अंशांपर्यंत तापवून साच्यावर बसवावा लागतो. गार पत्रा जबरदस्तीने वाकवून स्क्रूने आवळणे म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यात ताण भरून ठेवणे होय. कापताना आणि भोके पाडताना वरचा संरक्षक कागद काढू नये. ड्रिल प्लॅस्टिकसाठी घासलेले असावे, वेग कमी असावा आणि पत्र्याखाली लाकडाची फळी असावी. भोकाच्या आतील कडा आणि पत्र्याची बाहेरची किनार बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करावी. हे काम कंटाळवाणे असते आणि म्हणूनच ते टाळले जाते.

आता भोकांचे माप. पत्र्याचा मध्य जागच्या जागी राहील अशी बसवणी केली, तर मीटरभर लांबीच्या पत्र्याचे प्रत्येक टोक सुमारे पावणेदोन मिलिमीटर सरकते. स्क्रू पाच मिलिमीटर जाडीचा असेल, तर सर्व बाजूंनी तेवढी मोकळीक मिळण्यासाठी टोकाकडील भोके साडेआठ ते नऊ मिलिमीटरांची हवीत. मोठे भोक झाकण्यास रुंद वायसर आणि त्याखाली रबराची चकती घालावी. स्क्रू हाताने बसतील तेवढेच आवळावेत. पत्रा धरला जावा, जखडला जाऊ नये. फटी बुजविण्यासाठी व्हिनेगरसारखा वास येणारे आम्लधर्मी सिलिकोन न वापरता ॲक्रिलिकला चालणारे उदासीन प्रकारचे सिलिकोन घ्यावे.

कायद्याची मर्यादाही लक्षात ठेवावी. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार समोरच्या आणि खिडक्यांच्या तावदानांसाठी प्रमाणित सुरक्षा साहित्यच लागते. पुढच्या व मागच्या तावदानातून किमान ७० टक्के आणि बाजूच्या तावदानांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. म्हणून टपासाठी आणलेल्या ॲक्रिलिकच्या उरलेल्या तुकड्याचे समोरचे तावदान करण्याचा विचारही मनात आणू नये. तसेच मूळ गाडीला पोलादी टप असता तो कापून त्यात पारदर्शक पत्रा बसविणे ही दुरुस्ती नव्हे, तो वाहनातील फेरफार होय. त्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे.

आता त्या जानेवारीच्या पहाटेकडे परत वळावे. ज्या भोकापासून चीर निघाली, ते भोक स्क्रूच्या जाडीएवढेच पाडलेले असेल, स्क्रू पान्याने घट्ट आवळलेला असेल आणि भोकाच्या कडेला ड्रिलचे दाते तसेच राहिलेले असतील. बसविणाऱ्याने काम मजबूत व्हावे म्हणूनच हे केले. लाकूड आणि लोखंड यांचा अनुभव त्याला तेच शिकवीत आला होता. ॲक्रिलिकचा स्वभाव निराळा आहे. त्याला थोडी मोकळीक लागते. भोक चार मिलिमीटर मोठे पाडण्यास जास्तीचा पैसा लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. एवढी मोकळीक मिळाली, तर नवा पत्रा दिल्लीचे अनेक उन्हाळे आणि हिवाळे निमूटपणे पाहील, आणि पहाटे दार लावताना डोक्यावर तो ‘कट्’ असा आवाज ऐकू येणार नाही.